आमची वाटचाल : डबल दांडी, कॉटर पिन आणि ५७ फूट पाणी

सांगलीत गणपती पेठेच्या मागं बोळात पत्र्याचं शेड, तिथनं आमच्या जुन्या सायकलींच्या दुकानाची सुरुवात. मी आणि पार्टनर. चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढायला स्टँडसुद्धा नव्हता, सायकल उलटी करून चिमट्यालाच (चाक दोन्हीकडनं धरतो तो) खडू धरायचो. कुणाच्या गोठ्यातली, माळ्यावरची डबल दांडी, म्हणजे वर दोन आडव्या नळ्यांची दणकट सायकल, उचलायची, उघडून बसवायची आणि मार्केट यार्डातल्या हमालाला नाहीतर कुपवाडला कारखान्यात शिफ्टला जाणाऱ्याला द्यायची.

मधली वर्षं बरी गेली, ती सोडा. २०१९ चा ऑगस्ट सांगतो. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, तिच्या वर फळ्या मारून ३४ सायकली चढवल्या आणि निवांत झोपलो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी गेलं ५७ फुटांच्या वर! ओसरल्यावर बघतो तर हबमध्ये (चाकाच्या मधल्या तुंब्यात) गाळ, आतले छर्रे गंजून लाल, फ्रीव्हीलचे (मागच्या दातेरी चक्राचे) कुत्रे, म्हणजे आतले खटके, जाम. पार्टनर म्हणाला भंगारात घालू, वजनावर येतील ते वाटून घेऊ. मी नाही म्हटलं, तर स्वतःचा हिशोब घेऊन गेला आणि चार दुकानं सोडून नव्या सायकलींचं दुकान टाकलं, वर गिऱ्हाइकाला सांगतोय, तिकडं पुरातला माल आहे, महिन्यात मोडतोय. अरे बाबा, निम्म्या तूच उघडलेल्यास की!

मी एकेक हब डिझेलमध्ये बुडवून बसलो. तेव्हा सांगलवाडीचे दूधवाले आण्णा आले, म्हणाले पुरातलीच दे. मागच्या चाकाला ४० च्या ४० तारा जाड १२ गेजच्या भरल्या, १८ दात्यांचं फ्रीव्हील काढून २२ चं टाकलं, पळायला जरा कमी पण दोन्हीकडं कॅन भरून पुलाचा चढ बसल्या बसल्या निघतो. अजून तीच वापरतात, आणि दर दिवाळीला एक गिऱ्हाईक धरून आणतात.

जुनी घेणार असाल तर रंगावर जाऊ नका. बाजूनं चिमटा बघा, मागं दबलेला असला तर ती कुठंतरी धडकलीय. पेडलचा एक्सल बसतो त्या जोडाला चीर दिसली तर फुकट दिली तरी नको, वेल्डिंग ओझ्याला टिकत नाही. आणि देणाऱ्याकडनं फ्रेम नंबर टाकून दोन ओळी लिहून घ्या, चोरीची निघाली तर चौकीत तुम्ही बसाल.

परवा पार्टनरच्या दुकानातलं पोरगं आलं, कॉटर पिन, म्हणजे जुन्या सायकलीत पेडलचा दांडा एक्सलला धरणारी पिन, आहे का म्हणत. आता कोण ठेवतंय? दिली. पैसे मात्र मोजून घेतले.