तुम्ही विचारलंत म्हणून: अंदमानात मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर कोणता किनारा?

"अंदमानला चाललोय. चार वर्षांची मुलगी आहे, सासूबाईही आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. हॅवलॉकला शांत बीच कोणता?" थोड्याफार फरकाने हा प्रश्न मला सारखा येतो. कधी मुलगी दोन वर्षांची असते, कधी सासूबाईंच्या जागी वडील असतात. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं. मी नाव सांगतेच, पण त्याआधी दोन गोष्टी विचारते. कोणत्या महिन्यात जाताय? आणि त्या दिवसांत तिथी काय येते?

तिथी कशाला, असं लोकांना वाटतं. माझं माहेर गुहागरचं. पोरं समुद्रावर जायला निघाली की घरातलं मोठं माणूस आधी तिथी बघायचं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्या किनाऱ्यावरचा हिशोब. अंदमानात तो जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण सकाळी साडेनऊ-दहाला येते आणि ओहोटी दुपारी चारच्या आसपास. अष्टमी-नवमीला बरोबर उलट: सकाळी पाणी उतरलेलं, दुपारी तीन-चारला भरलेलं. उधाणात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या घरात जातो; भांगात, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमारास, तो निम्म्याहून कमी असतो. लहान मूल बरोबर असेल तर हॉटेलच्या फोटोंपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

हे का, ते सांगते. हॅवलॉक आणि नील या दोन्ही बेटांवर बऱ्याच ठिकाणी किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाचा कठडा आहे. बाहेरची लाट त्या कठड्यावर फुटते आणि आत येईपर्यंत तिचा जोर संपतो, म्हणून आतलं पाणी निवांत असतं. पण जो प्रवाळ लाट अडवतो, तोच पायाखाली टोचतो. कठडा नसतो तिथे वाळू रेशमासारखी असते आणि लाट सरळ अंगावर येते. शांत पाणी आणि मऊ वाळू एकाच जागी, एकाच वेळी क्वचित मिळतात. तुमच्या घरच्यांना यातलं काय जास्त हवंय आणि ते कोणत्या वेळी मिळेल, हे आधी ठरवलं की किनारा आपोआप ठरतो.

आता नावं. बेटांची अधिकृत नावं 2018 मध्ये बदलली, हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. 2024 मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. फेरीबोटीच्या तिकिटावर वेगळं नाव दिसलं तर गोंधळू नका. किनाऱ्यांना मात्र अजून सर्रास नंबरानेच ओळखतात: गोविंदनगर तीन नंबर, विजयनगर पाच नंबर, राधानगर सात नंबर. ही गावं पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांनी वसवली. हॅवलॉकवर राधा, गोविंद, श्याम आणि नीलवर सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. नीलवर पोहोचल्यावर रामायणातली गावं मोजायला मुलांना फार आवडतं.

पहिलं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं ते राधानगरचं. 2004 मध्ये 'टाइम' या अमेरिकी नियतकालिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, 2020 मध्ये त्याला ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना मिळणारं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळाला. कपडे बदलायच्या खोल्या, स्वच्छतागृहं, जीवरक्षक, मागे उंच झाडांची गर्द सावली, सगळं आहे. वाळू इतकी बारीक की आजीलाही अनवाणी चालता येतं. पण राधानगरचं तोंड पश्चिमेला आहे आणि पुढ्यात लाट अडवणारं काही नाही. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये तिथलं पाणी इतकं सौम्य असतं की गुडघाभर पाण्यात मुलाला बसवून तुम्ही शेजारी बसू शकता. मे महिन्यात हेच चित्र पालटतं. 'मान्सून अंदमानात दाखल' ही बातमी वाचून आपण इकडे खूश होतो. ती साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात येते, म्हणजे केरळच्याही आधी. ते नैऋत्येचे वारे राधानगरवर सरळ आदळतात. शाळांच्या सुट्टीमुळे मेमध्येच जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात जा, आणि लाल झेंडा दिसला तर पाण्याला पायही लावू नका. गुहागरला वाढलेल्या मुलीचं हे एवढं एक ऐका: पोहता येणारी माणसंही बुडतात, कारण तीच जास्त आत जातात.

दिवाळीची सुट्टी आणि डिसेंबर यांचं गणित उलटं. तेव्हा वारा ईशान्येकडून येतो, त्यामुळे पूर्वेकडे तोंड असलेले विजयनगर आणि कालापत्थर हे किनारे खळबळतात आणि बेटाच्या आडोशाला असलेला राधानगर तुलनेने बरा असतो. एकाच बेटाबद्दल दोन माणसं दोन टोकांची मतं सांगतात ती यामुळेच. एक जण मेच्या अखेरीस गेलेला असतो, दुसरा नोव्हेंबरात.

तरीही तीन-चार वर्षांच्या मुलासाठी हॅवलॉकवरचा माझा किनारा विजयनगर, पाच नंबर. पाण्यावर झुकलेली समुद्री महुआची झाडं आहेत, त्यांची सावली वाळूवर पडते. बरीच हॉटेलं याच रांगेत आहेत, म्हणजे मुलाला झोप आली, भूक लागली, शी झाली, तर खोली शंभर पावलांवर. हे शेवटचं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. राधानगर जेटीपासून सुमारे 12 किलोमीटरवर आहे. तिथे चिडलेलं मूल घेऊन परतीची गाडी शोधायची म्हणजे आईबापांची परीक्षा. विजयनगरला वेळ मात्र साधावी लागते. भरतीच्या आधी तासभर उतरा. चढतं पाणी तापलेल्या वाळूवरून हळूहळू येतं, कोमट असतं आणि मुलाला आत न ओढता किनाऱ्याकडे ढकलतं. भरती होऊन तासभर झाला की बाहेर या. ओहोटीला पाणी लांबवर जातं, खाली खडक आणि मेलेल्या प्रवाळाचे तुकडे उघडे पडतात. तेव्हा पोहणं नाही, पण डबक्यांत खेकडे आणि इवले मासे बघत फिरायला ती वेळ उत्तम. घट्ट बसणारे रबरी बूट सगळ्यांच्या पायांत हवेत, आजीच्याही. चपला पाण्यात निघून जातात. आणि जिवंत प्रवाळावर पाय पडू देऊ नका; 2010 साली समुद्र तापून अंदमानचा बराच प्रवाळ पांढरा पडला, काही भाग मेला. उरलाय तो जपायला हवा.

कालापत्थर बघायला जा, डुंबायला नको. काळे खडक, हिरवट निळं पाणी, रस्त्याला लागूनच किनारा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीतून उतरून शहाळं पीत बसायला याहून सोयीची जागा नाही.

एलिफंट बीचबद्दल दर वेळी विचारतात. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तिथलं स्नॉर्कलिंग (नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत खालचे मासे बघणं) जन्मभर लक्षात राहील. त्याहून लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर मी सांगत नाही: बोटीत चढ-उतर करायची कसरत, वॉटर स्पोर्ट्सची गर्दी, आणि सावली बेताची. घरातले दोघं जाऊन या, बाकीचे पाच नंबरला थांबतील.

खरं तर मला विचाराल तर मी तुम्हाला नीलला पाठवेन. टूरवाले नील एका दिवसात उरकतात: सकाळच्या फेरीने आणायचं, भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीत बसवायचं, किनाऱ्यावरचा नैसर्गिक दगडी पूल दाखवायचा आणि संध्याकाळी परत न्यायचं. त्यामुळे भरतपूरला भर दुपारी जत्रा असते आणि लोक तेवढंच बघून 'नील काही खास नाही' म्हणतात. तिथे दोन रात्री राहा. भरतपूर जेटीपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, उथळ आहे, कठड्याच्या आत आहे. सकाळी लवकर, पर्यटकांची फेरी लागायच्या आत जाल तर स्पीडबोटी सुरू झालेल्या नसतात आणि पाणी आरशासारखं असतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस असतील तर सकाळची भरतीही साधते. मुलांसाठी सगळ्या अंदमानात मला याहून आवडती जागा नाही. संध्याकाळी लक्ष्मणपूरला सूर्यास्त बघा, लांब पांढरी वाळू आहे, आजी-आजोबांना फेरफटक्याला छान. सीतापूरला लाटा असतात, तिथे सूर्योदय बघून परत या. दगडी पुलाकडे ओहोटीलाच जाता येतं आणि वाट निसरड्या, खडबडीत खडकांवरून आहे. सासूबाईंना तिकडे नेऊ नका, त्यांनी हट्ट केला तरी.

मगरींबद्दल लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून स्पष्टच लिहिते. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, त्या प्रामुख्याने कांदळवनांत आणि खाड्यांच्या मुखाशी राहतात. 2010 मध्ये राधानगरच्या टोकाला, लगूनच्या (किनाऱ्यालगतच्या उथळ, बंदिस्त पाण्याच्या) बाजूला, स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी तरुणीचा मगरीने जीव घेतला. ही घाबरून सहल रद्द करण्याची गोष्ट नाही, पण नियम कडक पाळा. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्यात उतरायचं नाही. इशाऱ्याची पाटी असेल तिथे नाही. निर्मनुष्य किनाऱ्यावर 'बघा किती शांत' म्हणून तर अजिबात नाही. जीवरक्षक असतील आणि चार माणसं डुंबत असतील तिथेच उतरा. आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. अंधारही लवकर पडतो: घड्याळ आपलंच, पण बेटं बरीच पूर्वेला, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर तीनलाच पोहोचा. सकाळ मात्र मोठी मिळते. मुलं पाचला उठत असतील तर अंदमानात पहिल्यांदाच त्याचा फायदा होईल.

वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी चावतात, लहान मुलांच्या पायांवर पुरळ उठून खाज येते. अंगाला खोबरेल तेल चोळा, वाळूवर थेट बसू नका, चटई अंथरा. शंख-शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे उचलायचे नाहीत हे मुलांना निघण्यापूर्वीच समजावा. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विमानतळावर बॅगेतून काढून घेतले की मुलं फार रडतात.

बेत आखताना शेवटची रात्र श्री विजयपुरमला ठेवा. वारा सुटला की फेऱ्या रद्द होतात, आणि परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळी बेटावर अडकलं की म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात. आजी-आजोबांची औषधं हॅवलॉकला मिळतील या भरवशावर राहू नका, आठवडाभराची जादा न्या. फेरीत मधल्या भागातल्या जागा मागा, तिथे कमी हेलकावतं.

तर पुढच्या वेळी विचाराल तेव्हा तारखा आणि तिथ्या लिहून पाठवा. मुलाचं वय, आजींना किती चालवतं आणि पाण्याची भीती कुणाला आहे तेही लिहा. मग कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या नंबरला जायचं ते मी सांगेन.