मशीन असताना विळा कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "गवत कापायचं मशीन मिळतं, तरी हाताने का कापता?" रानात येणारा जवळजवळ प्रत्येकजण हे विचारतो, आणि विचारण्यात काळजी असते: एवढे कष्ट कशाला?

कष्ट बोथट पात्याचे असतात. माझा विळा बसून कापायचा नाही, उभ्याने चालवायचा आहे. लांब दांडा, त्याला दोन मुठी आणि साधारण 65 सेंटीमीटरचं वाकडं पातं. पहिल्या वर्षी मी तो कुऱ्हाडीसारखा हाणायचो. गवत कापलं जाण्याऐवजी आडवं व्हायचं आणि संध्याकाळी कंबर धरायची. खरं तर पातं जमिनीलगत ठेवून उजवीकडून डावीकडे अर्धगोलात सरकवायचं असतं. वळायचं कमरेतून, हात नुसते सोबत जातात. दर फेरीला वीतभरच पुढे जायचं. कापलेलं गवत डाव्या हाताला ओळीत पडत जातं.

पण हे सगळं धार असेल तरच. छोट्या ऐरणीवर पात्याची कड हातोडीने हलके हलके ठोकून कागदासारखी पातळ करायची. घाई केली की कडेला लाटा येतात, म्हणून मी हे काम आदल्या संध्याकाळी निवांत करतो. चार-पाच तास कापणी झाली की पुन्हा ठोकायचं. (सगळी पाती ठोकून चालत नाहीत, फार कडक पोलादाची कड तडकते, ती घासूनच धारेला आणावी लागतात.) रानात दर पाचेक मिनिटांनी कमरेच्या डबीतला ओला दगड काढून पात्यावर दोन्ही बाजूंनी फिरवायचा. ही थांबण्याची मिनिटं मला फार मोलाची वाटतात. दम जिरतो, आणि पुढच्या गवतात पक्ष्याचं घरटं असेल तर ते वेळेत दिसतं.

जाड खोडाच्या झुडपांवर मात्र हा विळा घालू नका, पात्याची कड फाटते. तिथे कोयता. रोपांच्या बुडाशी खुरपं.

मोठ्या रानाला मशीन हवंच, त्याला माझा विरोध नाही. माझं रान अर्ध्या एकराचं आहे. ओलं गवत पात्याला सोपं जातं, म्हणून मी उजाडताच, दव असतानाच जातो. न्याहारीआधी जनावरांचा दिवसभराचा चारा कापून झालेला असतो.