आईचे अक्षर

शुक्रवार, रात्री साडेअकरा

"आईचे अक्षर सुंदर आहे." लाल पेनानं, एवढंच. खाली बाईंची सही.

संध्याकाळपासून चार वेळा वही उघडून बघितली. कौतुक म्हणावं तर पोराच्या वहीत माझं कशाला? टोमणा म्हणावा तर बाई तशा नाहीत.

प्रकल्प विद्यार्थी दिवसाचा होता. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव इथं साताऱ्यातच शाळेत घातलं, आताचं प्रतापसिंह हायस्कूल. रजिस्टरला १९१४ नंबरसमोर 'भिवा' अशी त्यांची स्वतःची सही आहे. हे मीच सांगितलं, मीच लिहिलं, फोटोची कलर प्रिंटही पोवई नाक्यावरून मीच आणली. चिरंजीव फेव्हिकॉलची बाटली धरून बसले होते. भिवा तेव्हा नऊ वर्षांचा. आमचंही ध्यान नऊचंच. लिहिताना हे डोक्यात आलं नाही, आज बरोबर टोचलं.

पण मी तरी काय करू? रात्री नऊला ग्रुपवर मेसेज, उद्या प्रकल्प आणा. हे शनिवारी पुण्याहून येणार, आल्या आल्या विचारणार, मार्क किती... जाऊ दे.

आमच्या वह्या कोण बघायचं? दुरेघी वहीत रोज दहा ओळी शुद्धलेखन आणि त्यावर बाईंची एक तिरकी रेघ. झालं. अक्षर सुंदर आहे असं तेव्हा कुणी म्हणालं असतं तर! म्हणजे मघाशी घशाशी आलं ते अपमानानं, की... अगं बाई, मी काय चौथीत आहे का?

आणि तक्रार तरी कुठल्या तोंडानं करू? आण्णा एसटीत. गाडी मुक्कामी असली की प्रगतिपुस्तकावर त्यांची सही मीच ठोकायची. शेवटच्या वळणाखाली दोन टिंबं, हुबेहूब. आण्णांना कळलं होतं का, कोण जाणे. त्यांची सही झाली, आता पोराचं अक्षर. हसूच आलं एकटीला.

जेवणाआधी तो वही घेऊन ओट्याशी आला होता. शेऱ्याखाली पालकांच्या सहीची जागा मोकळी. माझे हात कणकेत.

"राहू दे आई, मी करतो. तुझी येते मला."

केली. खालची रेघ जरा जास्तच ओढलीय.