आमची वाटचाल: ताडपत्रीवरची पानं

वडील निफाडचे द्राक्षबागायतदार. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, आमच्या घरात वर्षाचे हे दोनच मोठे दिवस. इंग्लंडमधली नोकरी गेली आणि 2011 मध्ये जुनी व्हॅन आणि दोन ट्रिमर घेऊन मी ग्लॉस्टरशरमध्ये लोकांच्या हेजा, म्हणजे झाडाझुडपांची कुंपणं, कापायला लागलो, तेव्हा आई फोनवर म्हणाली, "म्हणजे परत छाटणीच ना?"

छाटणीच, पण यूची, म्हणजे इथल्या कुंपणांना लावतात त्या एका सदाहरित झाडाची. लेलँडाय हे कुंपणाचं दुसरं झाड जुन्या लाकडात कापला की तिथं बोडकाच राहतो. यू मात्र पार खोडापर्यंत उतरवला तरी फुटतो, अगदी द्राक्षवेलीसारखा. आमच्याच भागात सिरेन्सेस्टरला यूची साधारण 40 फूट उंच हिरवी भिंत आहे. ते काम आमचं नव्हे, आम्ही शिडीवरची माणसं. दोरी ताणायची, ओळंबा सोडायचा आणि हेज खाली रुंद, वर निमुळती ठेवायची. तसं नाही केलं तर बुंध्याला ऊन मिळत नाही आणि दोन वर्षांत पाय उघडे पडतात. कापायच्या आधी घरटी बघायची, कारण वापरातलं घरटं मोडणं इथं 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे.

पहिली काही वर्षं कापलेलं सगळं कचरा डेपोच्या काट्यावर तोलून, वर पैसे देऊन टाकून यायचो. शिवाय ते विषारी. बीभोवतीचा लाल गर सोडला तर यूचं सगळंच विषारी, आणि वाळलं तरी विष जात नाही. एकदा ट्रेलरची ताडपत्री मी नीट बांधली नाही आणि पानं शेजारच्या कुरणात उडाली. तिथं दोन घोडी चरत होती. मालकीणबाईंनी घोडी आत बांधली, मग आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून अंधार पडेपर्यंत काडी न काडी वेचली. घोड्यांनी तोंड लावलं नव्हतं. ते काम मात्र गेलं, आणि जायलाच हवं होतं.

पुढे एका गिऱ्हाइकाने विचारलं, "हे कॅन्सरच्या औषधाला देत नाही?" मला काहीच ठाऊक नव्हतं. ते औषध म्हणजे टॅक्सॉल, मुळात अमेरिकेतल्या पॅसिफिक यूच्या सालीत सापडलं. पण साल सोलली की झाड मरतं. आमच्या इथल्या यूच्या पानांत त्याच्या अलीकडच्या पायरीचं द्रव्य मिळतं, त्यावर प्रयोगशाळेत प्रक्रिया करून औषध होतं. आणि पानं दरवर्षी येतात. टॅक्सॉलची रचना 1971 मध्ये मांडणाऱ्या शास्त्रज्ञांत मन्रो वॉल यांच्यासोबत डॉ. मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा. वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "खानदेशी माणूस. चिकाटी असणारच."

मग कामाची पद्धतच बदलली. औषधासाठी पानं घेणाऱ्याला फक्त यंदाची कोवळी फूट हवी. माती, गवत, आयव्हीची वेल काही चालत नाही. म्हणून आधी हेज झाडून घ्यायची, वेल हाताने उपटायची, ताडपत्री अंथरायची आणि मगच ट्रिमर चालू. ढीग तापतो, म्हणून दाबून भरायचं नाही आणि त्याच दिवशी पोचवायचं. भाव म्हणाल तर डिझेल सुटतं. खरी बचत काट्यावरच्या पैशांची. काही गिऱ्हाइकं आपला वाटा गावातल्या हॉस्पिसला, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थेला, द्यायला सांगतात. त्याचा हिशेब बायको वेगळ्या वहीत ठेवते.

आता हेच औषध टाक्यांमध्ये वनस्पतीच्या पेशी वाढवूनही बनतं. आमचा खरेदीदारही पूर्वीइतकं घेत नाही. जाड फांद्या लेथवर वाडगे करणारा एकजण नेतो; आतलं नारिंगी-तपकिरी लाकूड आणि कडेची पांढुरकी पट्टी त्याला फार आवडते. उरलेलं बारीक करून आवारातच खत घालतो. फाटकाला कुलूप असतं. पलीकडे मेंढ्या आहेत.