बाँबी आणि तिच्या मैत्रिणी

पॅरिसच्या कॅबरेतल्या ट्रान्स, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा ठरवलेल्या, बायकांबद्दल लोक नुसतं ग्लॅमर सांगतात, मला त्यांच्या हिमतीचंच जास्त कौतुक वाटतं. बाँबीचंच बघा ना, जन्म १९३५ चा, अल्जेरियातल्या खेड्यातला, पॅरिसच्या ‘कारूसेल’ कॅबरेच्या स्टेजवर वर्षानुवर्षं उभी राहिली आणि ते करता करताच शिकली, १९७४ पासून चक्क शाळेत फ्रेंच शिकवायला लागली! वाचून अंगावर काटाच आला. तिथल्याच कॉक्सिनेलने १९५८ ला मोरोक्कोतल्या कासाब्लांकात लिंगबदलाचं ऑपरेशन करून घेतलं, पुढे चर्चमध्ये लग्नही केलं. लिव्हरपूलच्या एप्रिल ॲशलीला मात्र १९६१ मध्ये एका पेपरने ती ट्रान्स असल्याचं छापून उघडं पाडलं, मॉडेलिंगची कामं गेली बिचारीची. आपल्या नाशिकात द्वारका सर्कलला सिग्नलवर तृतीयपंथी ताई आल्या की गाडीची काच वर जाते, त्यांच्यातही कोणी गाणारी, कोणी शिकवू शकणारी असेलच की, फक्त त्यांना स्टेज कोण देणार?