उंदरांचा खर्च कुठे वाचवावा?

"उंदरांना सगळ्यात स्वस्त अंथरूण कोणतं आणि खाणं कोणतं?" पाळीव उंदीर (इंग्रजीत रॅट) पाळायला निघालेले बहुतेक जण मला हेच विचारतात. प्रश्न रास्त आहे. उंदीर एकेकटा ठेवू नये, निदान दोघं-तिघं हवेत, आणि दोन-तीन वर्षांच्या त्यांच्या आयुष्यात सामान बरंच लागतं. माझं उत्तर असं, की पोत्यावरचा भाव बघू नका, ते पोतं किती दिवस पुरतं आणि उंदराच्या फुफ्फुसांना सोसतं का, ते बघा.

पहिल्या दोघी आणल्या तेव्हा मी भावच बघितला होता. पाइनच्या लाकडाचा कीस आणला. ताज्या लाकडाचा वास मला फार आवडला. आठवडाभरात दोघी शिंकायला लागल्या आणि एका सकाळी धाकटीच्या नाकाभोवती लाल डाग दिसले. मी रक्त समजून घाबरले. डॉक्टरांनी सांगितलं, हे रक्त नाही, पॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य आहे. डोळ्यांमागच्या ग्रंथीतून येतं, आणि उंदीर आजारी असला किंवा ताणाखाली असला की जास्त पाझरतं. मायकोप्लाझ्मा हा जिवाणू बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात असतोच. धूळ, लघवीतून सुटणारा अमोनिया, पाइन आणि सीडरमधली उग्र वासाची द्रव्यं यांचा त्रास झाला की तो डोकं वर काढतो. मला आवडलेला वासच त्यांना बाधत होता. कीस काढून टाकल्यावर शिंका कमी झाल्या.

त्यानंतर मी कागदाच्या गोळ्यांवर आले. ॲस्पेन नावाच्या झाडाच्या लाकडाचा धूळ नसलेला कीसही चालतो. फ्लीसचं, म्हणजे मऊ लोकरीसारखं कृत्रिम कापड धुऊन पुन्हा वापरता येतं म्हणून स्वस्त वाटतं, पण फ्लीस स्वतः ओल शोषत नाही. खाली शोषणारा थर हवा आणि दर दोन-तीन दिवसांनी धुणं आलं. साबण-पाण्याचा खर्चही त्यातच धरा. घरटं करायला कोऱ्या कागदाच्या पट्ट्या पुरतात. कापसाचा पिंजलेला पुंजका मात्र नकोच, त्याचे धागे पायाला गुंडाळतात.

खरी बचत झाली ती ट्रेमुळे. उंदीर लेंड्या टाकायला बहुधा एखादा कोपरा धरतो. तिथे उथळ ट्रे ठेवला, त्यात थोड्या लेंड्या आणि एक गुळगुळीत दगड टाकला. दगडावर लघवी करायला त्यांना का आवडतं कोण जाणे, पण माझ्याकडच्या सगळ्यांना आवडलं. (लघवी थोडी इकडेतिकडे होतेच, नरांची जास्त.) आता रोज ट्रेमधल्याच गोळ्या बदलते आणि बाकीचं अंथरूण कितीतरी जास्त टिकतं. सगळा पिंजरा एकदम घासून काढत नाही, मूठभर जुनं अंथरूण परत ठेवते. स्वतःचा वास पूर्ण गेला की ते लगेच जागोजागी खुणा करायला लागतात आणि नवं अंथरूण त्याच दिवशी खराब होतं.

खाण्याचा हिशेब सोपा आहे. मोठा उंदीर दिवसाला साधारण 15 ते 20 ग्रॅम कोरडं खाणं खातो. तिघांना 60 ग्रॅम धरले तर 5 किलोचं पोतं पावणेतीन महिने जातं. 20 किलोचं घेतलं तर किलोमागे स्वस्त पडतं, पण अकरा महिने पुरतं, आणि तोवर त्यातली जीवनसत्त्वं उतरलेली असतात. उत्पादनाची तारीख बघून सहा महिन्यांच्या आत संपेल एवढंच घ्या.

बियांचं रंगीत मिश्रण मी सोडलं. त्यातल्या सूर्यफुलाच्या बिया आधी संपायच्या, उरलेलं तसंच फेकावं लागायचं. सगळं दळून, दाबून केलेल्या एकसारख्या गोळ्यांमध्ये (पेलेट) निवडीला वाव नसतो. मोठ्या उंदरांना सुमारे 14 ते 16 टक्के प्रथिनं पुरतात, वाढत्या पिल्लांना जास्त लागतात.

वरून चिमूटभर ताजं देते, आमच्यासाठी चिरलेल्या भाजीतलंच: वाटाणे, ब्रोकोली, काकडी. बुरशी आलेलं काहीही "वाया जाईल" म्हणून त्यांना घालू नका. उंदराला उलटी करता येत नाही, पोटात गेलं ते बाहेर पडत नाही. आठवड्यातून एकदा उकडलेलं अंडं. तुकडा मिळाला की प्रत्येक जण तो घेऊन आपला कोपरा गाठतो, म्हणून तिघांचे तीन तुकडे मी तीन ठिकाणी ठेवते.