सफोकमधल्या लाकडी घराला चुन्याचा गिलावा: परवानगीचा अनुभव

इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सफोक परगण्यातलं आमचं फार्महाऊस ‘ग्रेड टू लिस्टेड’, म्हणजे संरक्षित वारसा इमारतींच्या सरकारी यादीतलं आहे. त्यामुळे फक्त दर्शनी भाग नव्हे, आतली फळी न् फळी कायद्याच्या कक्षेत येते. इंग्लंडमध्ये अशा घराचं रूप परवानगीशिवाय बदललं तर तो सरळ फौजदारी गुन्हा. आम्हाला बाहेरचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करायचा होता, म्हणून कौन्सिलकडे ‘लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट’साठी अर्ज केला. अर्जाला फी नाही. वेळ खातं ते सोबतचं ‘हेरिटेज स्टेटमेंट’: घरात जुनं काय आहे, त्याचं मोल काय आणि तुमच्या कामाने त्याचं काय होणार.

ते लिहायचं म्हणून सर्व्हेअरबरोबर माळ्यावर चढलो. वासे काजळीने काळेकुट्ट. मूळचा मधला हॉल थेट छपरापर्यंत मोकळा होता. जमिनीवर आग पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. विटांची चिमणी आणि वरचा मजला अशा घरांत बहुतेक १६व्या-१७व्या शतकात आले. सांध्यांवर सुतारांनी कोरलेले रोमन आकडेही सापडले. सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचा, खुणा करायच्या, सोडवायचा आणि जागेवर नेऊन उभा करायचा. सांध्यांना लोखंडी खिळा नाही, लाकडी खुंट्या. ओक ओला असतानाच वापरत, कारण वाळलेला ओक पटाशीला दाद देत नाही. मग तो जागेवरच वाळतो, वाकतो. आमच्या घरात एकही काटकोन नाही. कपाटं बसवायला येणाऱ्याला हे समजावून बघा!

खांबांमधल्या भिंती मात्र आपल्या कोकणातल्या कुडासारख्या: विणलेल्या काठ्या, वर माती, शेण, पेंढा. अशी भिंत ओल घेते आणि सोडते. त्यावर आधीच्या कुणीतरी सिमेंट चढवलं. त्याला चिरा पडल्या, पाणी आत शिरलं आणि आतच मुरलं. जोत्यावरचं आडवं ओक, ज्यावर सगळे खांब उभे आहेत, एका कोपऱ्यात भुगा झालं होतं.

खरी चर्चा झाली ती यावर. बिल्डर म्हणाला, अख्खं लाकूड बदलू. कौन्सिलच्या कन्झर्व्हेशन ऑफिसर (जुन्या इमारतींच्या जतनाचं काम बघणाऱ्या) बाई म्हणाल्या, कुजलंय तेवढंच कापा आणि तिथे नवा ओक सांधा. दुरुस्तीवर २० टक्के व्हॅट, त्यात हे कारागिरीचं काम, बिल वाढलंच. तरी मला बाईंचंच पटलं. चांगलं लाकूड केवळ सोयीसाठी फेकायचं असेल, तर असं घर घ्यावंच कशाला?

निर्णयासाठी साधारण आठ आठवड्यांची मुदत असते. मंजुरी आली ती अटींसकट: सांध्याचं रेखाचित्र आणि चुन्याच्या मिश्रणाचा नमुना आधी दाखवा, मगच काम सुरू करा. हे उरकेपर्यंत थंडी आली. तापमान ५ अंशांखाली गेलं की चुन्याचं काम करत नाहीत. ओला गिलावा गोठला तर सुटून येतो. त्यामुळे परांची बांधली ती वसंतातच.

आता खिडक्यांना दुहेरी काच हवी आहे. त्याला वेगळा अर्ज, आणि तो यापेक्षा जड जाईल, असं बाईंनी आधीच सांगून ठेवलंय.